वसंतातील हवा, येणारा आठवडा आणि भविष्याचे ज्ञान

उद्या काय होईल हे आज कळू शकते का, आणि कळत नसेल तर माणसाने कशाच्या भरवशावर वागावे, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. कोकण किनाऱ्यावर फाल्गुन ते वैशाख या काळात तो रोजच्या व्यवहारात येतो. या दिवसांत पहाटे उत्तरेचा गारवा असतो आणि दुपारी अंग भाजते. मध्येच आभाळ भरून येते आणि एखादी अवकाळी सर पडून जाते. मुंबईच्या उत्तर वेशीला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेल्या मीरा-भाईंदरमध्ये या बेभरवशाच्या हवेशी पोटापाण्याचा थेट संबंध असलेली माणसे आजही आहेत. उत्तनचे कोळी, मिठागरांवरचे मजूर, उघड्यावर उभे राहणारे फेरीवाले ही त्यांतली काही. 12 जून 1985 रोजी परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपालिका झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,09,378 होती. हिंदू, जैन, मुसलमान, ख्रिस्ती आणि बौद्ध अशा सर्व परंपरांची माणसे येथे शेजारी राहतात, आणि येणाऱ्या आठवड्याकडे कसे पाहावे याविषयी प्रत्येक परंपरेने काही ना काही सांगून ठेवले आहे.

समुद्राचे दोन भविष्यकाळ

उत्तनच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापुढे एकाच वेळी दोन प्रकारचे भविष्य असते. पहिले भरती-ओहोटीचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येणार आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असणार, हे कोळ्याला तिथीवरून कळते. सर्वे ऑफ इंडिया भरतीच्या वेळा वर्षभर आधी मिनिटांच्या हिशेबाने छापते. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या गती नियमित असल्याने ही गणिते सहसा चुकत नाहीत.

दुसरे भविष्य वाऱ्याचे, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि किनारपट्टी थोडी निवते. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून येणारा कोरडा, तापलेला वारा जोरात असेल तर खारा वारा अडतो. तो अकरा-बाराला सुरू झाला तर पारा तेहतिसाच्या आसपास थांबतो. दोन तास उशीर झाला तर चाळिशीकडे जातो. 28 मार्च 1956 रोजी सांताक्रूझ येथे 41.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मार्च महिन्यातला तेथील हा उच्चांक. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात सरकला की याच काळात दोन दिवस थंडीही परतते. म्हणजे दिवस उन्हाळ्याचा की हिवाळ्याचा, हे काही तासांच्या वाऱ्यावर ठरते. ते तास महिनाभर आधी कोणाला सांगता येत नाहीत.

पंचांगात ही दोन्ही भविष्ये एकाच पानावर येतात. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे गणिताने निघतात. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत जुळते. त्याच पंचांगात संवत्सरफल असते, पर्जन्यनक्षत्रांची वाहने असतात. मृगाचे वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस चांगला, असा संकेत सांगितला जातो. पाडव्याला पंचांग वाचून दाखवण्याची प्रथा अनेक देवळांत आहे आणि ऐकणाऱ्याच्या कानावर दोन्ही विधाने एकाच सुरात पडतात. ग्रहणाचे भाकीत खरे ठरले म्हणून पावसाचेही खरे ठरेल, असे वाटू लागते. तर्कदृष्ट्या हा दोष आहे, कारण पहिल्या विधानामागे नियमित गती आहे आणि दुसऱ्यामागे तशी गती दाखवता येत नाही. भविष्याविषयीच्या कोणत्याही चर्चेत आधी हे वर्गीकरण करावे लागते: कोणते विधान गणिताचे आणि कोणते अनुमानाचे?

आठवड्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिवस, महिना आणि वर्ष यांना आकाशात आधार आहे; सात दिवसांच्या आठवड्याला तसा नाही. भारतातल्या जुन्या कोरीव लेखांत वारांचा उल्लेख उशिरा येतो. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळातील इ. स. 484चा शिलालेख हे वार नोंदलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक उदाहरण मानले जाते. म्हणून ‘येणारा आठवडा’ हा निसर्गाचा तुकडा नव्हे. पगार, सुट्टी, बाजार आणि उपवास यांसाठी माणसाने पाडलेला तो हप्ता आहे. हवा या हप्त्याला बांधील नसते. तरीही माणसाची तयारी याच मापाने होते.

मुंग्या, मोर आणि पूर

दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत जाण्याला न्यायदर्शनात अनुमान म्हणतात. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि वात्स्यायनाने भाष्यात दिलेली त्यांपैकी दोन उदाहरणे पावसाचीच आहेत. ढग चढून आले की पाऊस पडेल, हे कारणावरून कार्याचे अनुमान, म्हणजे पूर्ववत्. नदी गढूळ होऊन दुथडी भरली की वर कुठेतरी पाऊस झाला असणार, हे कार्यावरून कारणाचे अनुमान, म्हणजे शेषवत्. सूर्य एका जागी दिसून नंतर दुसरीकडे दिसतो यावरून त्याची गती ओळखणे हे सामान्यतोदृष्ट.

या ग्रंथाचे मोठेपण पुढच्या आक्षेपात आहे. अनुमान हे प्रमाणच नव्हे, असे म्हणणारा प्रतिपक्षी तीन अडचणी काढतो. बांध घातल्यानेही नदी फुगते. वारूळ कोणी मोडले तरी मुंग्या अंडी घेऊन पळतात. मोराचा आवाज माणूसही काढू शकतो. मग पूर, मुंग्या आणि मोर यांवरून पाऊस ओळखायचा कसा? सूत्रकाराचे उत्तर असे की बांधाने फुगलेली नदी आणि पावसाने आलेला पूर या दोन वेगळ्या खुणा आहेत. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यावर पाने, फळे, लाकडे वाहत येतात. घाबरलेल्या चार मुंग्या आणि जागोजागी अंडी हलवणाऱ्या मुंग्यांच्या रांगा यांत फरक आहे. तो न पाहता घाईने निष्कर्ष काढला तर चूक पाहणाऱ्याची. अनुमान नावाच्या साधनाची नव्हे. अंदाज चुकला की ‘सगळे अंदाज थोतांड’ असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आजही पुरते.

चार्वाकांनी याहून कठीण प्रश्न विचारला. धूर तेथे अग्नी हा नियम सर्व काळांसाठी खरा आहे, हे कोणी पाहिले? त्यांच्या मते व्यवहार चालायला निश्चय लागत नाही, संभावना पुरते. दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्याला उत्तर दिले. शंकेलाही सीमा असते, आणि माणसाची स्वतःची वागणूकच शंकेला खोटे पाडू लागते तेथे ती सीमा येते. ढगांवरून पाऊस कळतच नाही असे म्हणणारा माणूस आभाळ काळवंडताच दोरीवरचे कपडे काढत असेल, तर त्याची शंका बोलण्यापुरतीच आहे. या वादात दोन्ही बाजूंच्या हाती काही राहते. हवेबाबत पूर्ण निश्चय मिळत नाही, हे चार्वाकाचे म्हणणे टिकते. पूर्ण अविश्वासही कोणी जगून दाखवत नाही, हे उदयनाचे म्हणणेही टिकते.

खुणांची परंपरा

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त पर्जन्यगर्भाचे शास्त्र मांडले. मार्गशीर्षापासून पुढच्या महिन्यांत वारा, ढग, वीज, आकाशाचा रंग अशी लक्षणे दिसली की मेघांचा गर्भ राहिला असे मानावे आणि 195 दिवसांनी पाऊस अपेक्षावा, असा त्यातला नियम आहे. लोकपरंपरेत सहदेव-भाडळीच्या नावावर अशाच शेकडो खुणा सांगितल्या जातात. आजच्या हवामानशास्त्रात 195 दिवसांच्या नियमाला आधार नाही. तरी या परंपरेतला एक गुण ओळखण्याजोगा आहे. तिने महिना, दिशा आणि मुदत यांसह विधान केले. मुदत दिलेले विधान चुकल्याचे दाखवता येते, आणि जे चूक ठरू शकते तेच तपासताही येते.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी हे याच वृत्तीचे वसंतातले दुसरे रूप. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखून त्याभोवती धान्ये मांडतात. मध्यभागी मातीची चार ढेकळे ठेवतात, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य कसे हलले आणि ढेकळे किती भिजली हे पाहून पाऊस, पिके आणि राजकारण यांची भाकिते जाहीर होतात. हजारो शेतकरी ती ऐकायला जमतात. विवेकवादी कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की रात्रभरात ढेकूळ भिजण्याचा आणि जूनमधल्या पावसाचा कार्यकारणसंबंध कोणीही दाखवलेला नाही आणि खरी ठरलेली भाकितेच लक्षात ठेवली जातात. आक्षेप तर्काला धरून आहे. गर्दी मात्र निव्वळ माहितीसाठी जमत नाही. पेरणीआधीची धाकधूक एकट्याने सोसायची नसते, ती गावाने मिळून सोसायची असते, ही गरज घटमांडणी भागवते. एखादी प्रथा माणसाला धीर देते म्हणून ती ज्ञान देते असे ठरत नाही; आणि ज्ञान देत नाही म्हणून तिचा धीर खोटा ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही बाजूंनी होते.

शास्त्राने स्वतः आखलेली मर्यादा

भारतीय हवामान विभाग 1875 साली स्थापन झाला. त्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांच्या तोंडी बसले. 1904 ते 1924 या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी तपासत होते. त्यातून त्यांना दक्षिणी आंदोलनाचा, म्हणजे पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाच्या उलटसुलट चढउताराचा, शोध लागला.

त्या काळी अनेकांची समजूत होती की मोजमाप पुरेसे झाले की हवा भरतीसारखीच गणितात बसेल. 1814 साली लाप्लासने अशी बुद्धी कल्पिली होती, की जिला विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि गती ठाऊक आहे. तिच्यापुढे भविष्य भूतकाळाइतकेच स्पष्ट असेल. 1961 साली एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवेचे एक साधे प्रारूप चालवत असताना त्यांनी 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा भरला. थोड्या वेळाने प्रारूपातली हवा पूर्णपणे वेगळी निघाली. 1963 साली त्यांनी यामागचे गणित मांडले. हवेचे नियम ठरलेले असले तरी सुरुवातीच्या मोजणीतली बारीकशी त्रुटी दिवसागणिक वाढत जाते, आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवेचा तपशीलवार अंदाज अशक्य होतो. नियम आहेत म्हणून भविष्य कळतेच असे नाही, हा तत्त्वज्ञानाला या शोधाने दिलेला मोठा धडा. नियतिवाद खरा असूनही माणूस अज्ञानात राहू शकतो. म्हणून ‘सारे आधीच ठरलेले आहे का?’ आणि ‘माणसाला ते कळेल का?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

आजचा अंदाज ही मर्यादा पोटात घेऊनच दिला जातो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. इशाऱ्यांना हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग आहेत. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान 37 अंश आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी जास्त असेल, तेव्हा उष्णतेच्या लाटेचा निकष लागू होतो. मीरा-भाईंदरसाठी अंदाज पाहायचा तर तो ठाणे जिल्ह्याचा पाहावा लागतो. त्याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याचे मुरबाड आणि शहापूरही येतात. जिल्ह्यात तुरळक पाऊस पडला, मुरबाडला गारा आल्या आणि उत्तनला थेंबही नाही, तरी अंदाज खरा असतो. समूहाविषयीचे विधान आणि एका गल्लीविषयीचे विधान यांतले हे अंतर आहे. लोक अंदाजावर रागावतात त्याचे एक मोठे कारण हेच, की विधान जिल्ह्याचे असते आणि अपेक्षा स्वतःच्या अंगणाची.

अटीसह विधान

अशा मर्यादित विधानाचे शास्त्र जैन परंपरेने फार पूर्वी उभे केले. भाईंदर आणि मीरा रोडवर गुजराती व राजस्थानी जैनांची मोठी वस्ती आहे. भाईंदर पश्चिमेचे बावन जिनालय त्यांच्या प्रमुख मंदिरांपैकी एक. जैन दर्शनाच्या स्याद्वादानुसार वस्तूला अनंत धर्म असतात, म्हणून कोणतेही विधान एका विशिष्ट अपेक्षेनेच खरे असते. एका अपेक्षेने आहे, दुसऱ्या अपेक्षेने नाही, क्रमाने पाहता आहे आणि नाही, एकाच वेळी सांगू गेल्यास अवक्तव्य. यांच्या जोडणीतून सात भंग होतात. याला संशयवाद म्हणणे चूक ठरेल. ‘पाऊस पडेल की नाही कोण जाणे’ हे स्याद्वादाचे विधान नव्हे. ‘जिल्ह्याच्या पूर्व भागात, दुपारनंतर, बाष्प टिकले तर पाऊस’ हे त्याच्या जवळचे विधान आहे. येथे निश्चय आहे, आणि त्याची अटही उघड सांगितली आहे.

स्याद्वाद आणि संभाव्यता यांतला दुवा ठळकपणे दाखवणारा माणूस योगायोगाने हवामानखात्यातही काम केलेला होता. भारतीय संख्याशास्त्राचे प्रवर्तक प्रशांतचंद्र महालनोबिस 1922 पासून काही वर्षे कोलकात्याच्या अलीपूर वेधशाळेत हवामानतज्ज्ञ होते. 1954 साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिलेल्या निबंधात त्यांनी सप्तभंगीचा संबंध संभाव्यतेच्या आधुनिक कल्पनेशी जोडला. जे. बी. एस. हाल्डेन यांनीही 1957 साली याच विषयावर लिहिले. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मानता येत नाही. संभाव्यता आकड्यात मोजली जाते आणि स्याद्वाद दृष्टिकोन सांगतो. परंतु विधान करणाऱ्याने आपल्या विधानाची मर्यादा विधानातच घालावी, ही शिस्त दोघांत समान आहे.

बदल म्हणजे बेबंदपणा नव्हे

उत्तनच्या दक्षिणेस गोराई येथे 8 फेब्रुवारी 2009 रोजी जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. त्याच्या खांबांविना उभ्या दगडी घुमटाखाली सुमारे 8000 माणसे ध्यानाला बसू शकतात. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या या साधनेचा गाभा अनित्यतेचा अनुभव हा आहे: अंगावरची प्रत्येक संवेदना उठते आणि जाते. बाहेरची हवा बदलते तशीच आतलीही बदलते. त्यामुळे सुखद गारव्याला चिकटून राहणे आणि उकाड्यावर चिडणे ही दोन्ही दुःखाची बीजे मानली जातात.

अनित्यतेचा अर्थ ‘काहीही होऊ शकते’ असा लावला जातो, तो बुद्धाच्या शिकवणीला धरून नाही. बौद्ध विचारात अनित्यतेसोबत प्रतीत्यसमुत्पाद येतो. प्रत्येक गोष्ट कारणांच्या आधाराने उत्पन्न होते आणि कारणे सरली की मावळते. खारा वारा उशिरा सुटला याला कारण असते. साधकाला शिकायचे असते ते असे की बदल टाळता येत नाही, समजून घेता येतो.

ईश्वराची इच्छा आणि उद्याचे बेत

ईश्वरनिष्ठ परंपरांपुढे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पाऊस देवाच्या हाती असेल तर माणसाने अंदाज बांधणे हा अविश्वास ठरतो का? नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात व्यापारासाठी उद्याचे बेत आखणाऱ्यांना बजावले आहे की उद्या काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून प्रभूची इच्छा असेल तर असे म्हणावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसरी बाजू आहे. संध्याकाळचे तांबडे आकाश पाहून हवा चांगली राहील आणि सकाळचे तांबडे पाहून वादळ येईल, असे लोकांना ओळखता येते, हे येशू गृहीत धरतो. आकाश वाचता येणाऱ्यांनी काळाची लक्षणे वाचली नाहीत, ही त्याची तक्रार आहे. म्हणजे आकाश वाचणे निषिद्ध नाही, ‘उद्या माझा’ ही घमेंड निषिद्ध आहे. उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांमध्ये होडी समुद्रात सोडण्यापूर्वी प्रार्थना होते आणि वाऱ्याचा इशाराही पाहिला जातो. त्यांत कोणाला विसंगती दिसत नाही.

मीरा रोडच्या मुसलमान वस्तीत ‘इन्शाअल्लाह’ हा शब्द दिवसातून अनेकदा ऐकू येतो. त्याचा आधार कुराणाच्या अठराव्या सूरेतील 23 आणि 24 या आयतींत आहे: उद्या अमुक करीन असे, अल्लाहची इच्छा असेल तर ही जोड दिल्याविना म्हणू नये. पाऊस उतरवणारा तोच, हेही एकतिसाव्या सूरेच्या शेवटी येते, आणि अवर्षणात इस्तिस्काची नमाज पढली जाते. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही पैगंबरांच्या नावे सांगितली जाणारी शिकवण या श्रद्धेला प्रयत्नाची जोड देते. ‘इन्शाअल्लाह’ हे काम टाळण्याचे निमित्त झाले तर त्या शब्दाचा मूळ हेतू हरवतो.

हिंदू पूजेच्या संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार यांचा उच्चार होतो. चैत्रात ऋतू वसंत असाच म्हटला जातो, बाहेर लू असो की गारा. येथे ऋतू हे हवेचे वर्णन नसून कालगणनेतले स्थान आहे. संकल्प म्हणजे निकालाचे भाकीतही नव्हे. या ठिकाणी, या वेळी हे कर्म करीन एवढीच ती बांधिलकी आहे. पावसासाठी वेदांत कारीरी इष्टी सांगितली आहे. पिके सुकत असताना ती करायची असल्याने तिचे फळ याच जन्मी, लगेच अपेक्षित असते. त्यामुळे ‘यज्ञ झाला, पाऊस नाही’ ही अडचण मीमांसक आणि नैयायिक या दोघांनाही टाळता आली नाही. कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही उणीव राहिली असेल, अथवा दुसरा प्रतिबंध आडवा आला असेल, अशी उत्तरे त्यांनी दिली. टीकाकाराला ही पळवाट वाटते, श्रद्धावंताला ती कारणांच्या गुंतागुंतीची कबुली वाटते. तर्काच्या बाजूने एवढे म्हणता येते की उणीव फळ न मिळाल्यावरच शोधली जात असेल, तर त्या स्पष्टीकरणाची परीक्षा कधीच होत नाही.

मीठ, बोंबील आणि पाचवे कारण

ज्ञान अपुरे असताना कर्म कसे करावे, याचे उत्तर हाताला दिसणाऱ्या कामांत शोधता येते. भाईंदरच्या मिठागरांत उधाणाचे पाणी आत घेतात. त्याची घनता साधारण 3 अंश बोमे असते. एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत, उन्हा-वाऱ्यात आटवत ती 25 अंशांच्या वर नेली की शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागते. हे काम आठवड्यांचे आहे. मार्चमधली अर्ध्या तासाची सर घनता खाली आणते, धरलेले मीठ विरघळते, आणि मजुराची तेवढी मेहनत पाण्यात जाते. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या वलांडींवर ओले बोंबील जोडीजोडीने, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवून टांगतात. कडक ऊन आणि वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांत ते सुकतात. मध्ये पाऊस आला तर मऊ पडतात, त्यांना वास येतो आणि माल फेकावा लागतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांची बेगमी याच सुकवणीतून होते. 2025 साली मेच्या पहिल्या आठवड्यातच मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात वादळी पाऊस झाला आणि 26 मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या 11 जूनच्या बराच आधी. सुकवणीचे दिवस त्या वर्षी तेवढ्याने घटले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध प्रयत्न आणि पाचवे दैव. या यादीचा क्रम अर्थपूर्ण आहे. दैव तिच्यात आहे, पण पाचांपैकी एक म्हणून आहे. फळावर हक्क नाही या दुसऱ्या अध्यायातल्या उपदेशाचा अर्थ फळाविषयी बेफिकिरी असा घेतला, तर ही यादीच निरर्थक होते. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचा कर्मपर अर्थ लावला, तो याच दिशेचा. बोंबील टांगणारीने आभाळ पाहावे, इशारा ऐकावा, ताडपत्री जवळ ठेवावी. एवढे करूनही सर आली तर ती दैवाची बाजू.

उलट चार कारणे ढिली ठेवून सारे पाचव्यावर ढकलणे हा दोष आहे, आणि तो सार्वजनिक जीवनात महाग पडतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा भर उन्हात, उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने 14 उपस्थितांचा मृत्यू झाला. एप्रिलमधले ऊन कोणाला अनपेक्षित नव्हते. 13 मे 2024 रोजी वळवाच्या वादळात घाटकोपरला अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 जण दगावले. वारा निसर्गाचा होता, फलकाचा आकार मात्र माणसाने ठरवला होता आणि तो परवानगीच्या मर्यादेपलीकडचा होता. हवेची अनिश्चितता येथे अज्ञान म्हणून उभी राहत नाही; माहीत असलेल्या धोक्याकडे केलेले दुर्लक्ष म्हणून उभी राहते.

यातून न्यायाचा प्रश्नही निघतो. अंदाज चुकला तर वातानुकूलित कचेरीतल्या माणसाची छत्री वाया जाते आणि मिठागरावरच्या मजुराचा आठवडा बुडतो. अनिश्चितता सर्वांना सारखी असली तरी तिची किंमत सारखी नसते. म्हणून ‘आपापल्या नशिबाने सोसावे’ हे उत्तर धर्माच्या दृष्टीनेही अपुरे आहे. सुकवणीसाठी छपराची सोय, दुपारच्या कामाच्या वेळा बदलणे, बुडालेल्या मालाची भरपाई ही कामे दैवाच्या नव्हे, समाजाच्या वाट्याची आहेत.

निष्कर्ष

येणाऱ्या आठवड्याविषयीचे विधान तीन भागांत पाहावे लागते. जे गणिताने कळते, म्हणजे तिथी, भरती, ग्रहण, ते निश्चित मानावे. जे अनुमानाने कळते, म्हणजे वारा, पाऊस, तापमान, ते अट, जागा आणि मुदत यांसह सांगावे आणि तसेच ऐकावे. न्यायदर्शनाची खुणांची तपासणी, स्याद्वादाची अट आणि हवामानशास्त्राची टक्केवारी येथे एकमेकांना पूरक ठरतात. जे कळतच नाही, त्याबाबत घमेंड नसावी हे ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरा सांगतात, आसक्ती नसावी हे बौद्ध परंपरा सांगते, आणि त्या अज्ञानाची सबब करून कर्म सोडू नये हे गीता सांगते. या मतांमध्ये ईश्वर, आत्मा आणि नियती यांविषयी मोठे मतभेद आहेत आणि ते आठवडाभराच्या हवेने मिटणारे नाहीत. वागणुकीच्या पातळीवर मात्र एक नियम सर्वांना मान्य होण्यासारखा आहे: अंदाजाची खात्री किती, यापेक्षा तो चुकल्यास कोणाचे किती नुकसान होईल यावर तयारी ठरवावी. पावसाची शक्यता थोडी असली तरी वलांडीजवळ ताडपत्री असावी, आणि उन्हाचा इशारा पिवळा असला तरी मैदानावरच्या सभेला सावली असावी.